पाकीट उलटं करा!

दोस्तांनो,

या आठवड्यात तुम्हांला उल्कांविषयी सांगायचं ठरवलं होतं. कागद पुढे ओढला, मथळाही लिहिला, आणि मग पत्रांच्या गठ्ठ्यात वरच असलेलं एक पत्र उघडलं. ते वाचून झाल्यावर उल्कांना म्हटलं, बायांनो, जरा थांबा. तुम्ही पुढच्या वर्षी परत येणारच आहात. हे काम थांबण्यासारखं नाही.

पत्र आहे कंधारहून. नांदेड जिल्ह्यातलं, किल्ल्याचं आणि मन्याड नदीचं कंधार. लिहिणारी आपली मैत्रीण सातवीत आहे. तिच्या पत्रातला महत्त्वाचा भाग असा:

"काका, आमच्या मांजरीचं नाव ठकी. ती बारा वर्षांची आहे, म्हणजे माझ्याएवढीच. मी पाळण्यात होते तेव्हा ती ज्वारीच्या पोत्यांमागे सापडली असं आई सांगते. आता ती फार बारीक व्हायलीय. पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. गेल्या वर्षी रेबीजची लस दिली तेव्हा ती साडेतीन किलो भरली होती. परवा दादानं तिला पिशवीत घालून दुकानातल्या काट्यावर तोललं, तर तीनच किलो! आजी म्हणते, 'म्हातारी झाली की असंच असतंय. दूध-भाकर खायलीय ना, मग झालं.' दादा नांदेडला शिकतो. त्यानं मांजरांच्या सुक्या खाद्याच्या दोन पाकिटांचे फोटो दाखवले. एकावर 'मोठ्या मांजरांसाठी' असं लिहिलंय आणि दुसऱ्यावर 'सीनियर, ७ वर्षांवरील'. सीनियर दीडपट महाग आहे. बाबा म्हणतात, कोणतं तरी एकच आणू. कोणतं आणू? पाकिटांच्या मागं जे लिहिलंय ते मी उतरवून पाठवतेय. आणखी एक, आमच्या घरात मांस-मच्छी चालत नाही."

सगळ्यात आधी या मैत्रिणीला शाबासकी द्यायला हवी. तिनं पाकिटाची पुढची बाजू नव्हे, मागची बाजू उतरवून पाठवली! पुढच्या बाजूला काय असतं? चमकदार डोळ्यांचं एक गुबगुबीत मांजर आणि चार मोठे शब्द. ते छापायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याला हवी ती माहिती मागे बारीक अक्षरात दडलेली असते. चष्मा लागला तरी चालेल, पण ती वाचायची.

आता आजीच्या म्हणण्याकडे वळू. आजीला हसू नका हं. त्यांचं बोलणं बारा वर्षांच्या अनुभवाचं आहे. ठकी बारा वर्षं दूध-भाकर खाऊन जगली, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. फक्त एक गोष्ट त्यांनी पाहिली नाही, कारण ती रात्री, सगळे झोपल्यावर घडत होती.

ज्वारीची पोती जिथे असतात तिथे उंदीर असतात. ठकी माळवदावरून उतरायची, पोत्यांमागे दबा धरून बसायची आणि आपलं जेवण आपणच मिळवायची. एका घरउंदरात साधारण ३० कॅलरी असतात. उंदराच्या अंगातलं पाणी वजा केलं, तर जे उरतं त्यातलं अर्ध्याहून जास्त प्रथिन असतं, बाकी बरीचशी चरबी, आणि पिष्ट म्हणाल तर नावापुरतं. तेव्हा बारा वर्षं दूध-भाकर हा ठकीचा नाश्ता होता. जेवण वेगळंच होतं!

आता ठकीचं वय माणसाच्या हिशेबात साठीच्या पुढे गेलंय. झेप कमी पडते, दात हलतात. उंदीर निसटतो. म्हणजे जेवण बंद झालं आणि फक्त नाश्ता उरला. घरात कुणाच्या हे लक्षात आलं नाही, कारण आजीची वाटी रोज वेळेवर भरत होती आणि ती चाटून-पुसून रिकामीही होत होती.

आमच्या मैत्रिणीची दुसरी अडचणही इथेच सुटते. घरात मांस-मच्छी चालत नाही, ठीक आहे. पण ठकी त्याच घरात बारा वर्षं मांसाहार करत होती आणि त्याबद्दल सगळे तिचं कौतुकच करत होते! पाकीट स्वयंपाकघरात न्यायचं नाही, ओसरीवर डब्यात ठेवायचं, ठकीची ताटली वेगळी. एवढं केलं तर आजी नाही म्हणणार नाहीत, असं आपलं मला वाटतं.

पण मांजराला मांस लागतंच का? गाईला कुठे लागतं? तुमच्या कंधारचीच लाल कंधारी गाय घ्या. तांबूस, काटक. कोरडा कडबा चघळते, आणि त्याच कडब्यातून दूध, हाडं, मांस, सगळं तयार होतं. यात गाईची कर्तबगारी अर्धीच आहे. उरलेली अर्धी तिच्या पोटातल्या जंतूंची. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू बसलेले असतात, ते कडब्यावर काम करतात आणि प्रथिनं बनवतात. मांजराच्या पोटात असा कारखाना नाही. आतडीही आखूड. काही पदार्थ तर त्याला तयारच मिळावे लागतात. आपण गाजर खाल्लं तर त्यातून आपलं शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जमत नाही. त्याला 'अ' जीवनसत्त्व प्राण्यांच्या शरीरातून आयतंच मिळायला हवं.

असाच एक पदार्थ म्हणजे टॉरीन. आणि गंमत पाहा, त्याचं नाव आलंय बैलावरून! १८२७ साली टीडेमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी तो बैलाच्या पित्तातून वेगळा काढला. लॅटिन भाषेत बैल म्हणजे 'टॉरस', म्हणून टॉरीन. तुमचा लाल कंधारी बैल तो आपल्या शरीरात तयार करतो. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. बैलाच्या नावाचा पदार्थ आणि त्याच्यावाचून अडतं ते मांजराचं!

किती अडतं? १९७५ साली अमेरिकेत एका प्रयोगात मांजरांना केसीन हे एकच प्रथिन दिलं गेलं. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, ज्याचं आपण पनीर करतो. त्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊ लागला, आणि कारण निघालं टॉरीनची कमतरता. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं, की टॉरीन कमी पडलं तर मांजराचं हृदयही फुगतं आणि कमजोर होतं. त्यातली काही मांजरं तर विकतचं खाद्य खाणारी होती! टॉरीन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरीन वाढवलं.

ज्वारीत टॉरीन नसतं. गाईच्या दुधात असतं ते अगदी थोडं. म्हणून दूध-भाकरीनं पोट भरतं, पण गरज भागत नाही. शिवाय मोठ्या मांजराला दुधातली साखर नीट पचत नाही, कित्येकांना जुलाब होतात. आणि ती साखर त्यांना गोड लागते असंही नाही. गोड चव ओळखणारा जनुकच मांजरांत मोडलेला आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. ठकीनं कधी पेढा पळवला असेल, तर तो खव्यातल्या स्निग्धांशासाठी.

चला, आता पाकीट उलटं करू. मैत्रिणीनं उतरवलेले आकडे असे आहेत. पहिलं पाकीट, मोठ्या मांजरांचं: कच्ची प्रथिनं किमान ३० टक्के, कच्चे स्निग्ध किमान १०, कच्चे तंतू कमाल ४, आर्द्रता कमाल १०, राख कमाल ८. दुसरं पाकीट, सीनियर: प्रथिनं २८, स्निग्ध ९, तंतू ६, आर्द्रता १०, राख ८. टॉरीन दोन्हींत ०.१ टक्का.

'राख' वाचून दचकू नका. कंपनी खाद्यात राख कालवत नाही. प्रयोगशाळेत खाद्याचा नमुना भट्टीत पूर्ण जाळतात. जे जळत नाही ते मागे राहतं, ते म्हणजे खनिजं. चुलीत गोवरी जळून राख उरते, तसंच. हाडांचा चुरा जास्त असेल तर राखही जास्त.

आता 'कच्ची प्रथिनं' म्हणजे काय ते पाहू. ही गोष्ट जरा लांब आहे, पण ऐकण्यासारखी आहे. १८८३ साली डेन्मार्कमध्ये योहान केल्डाल नावाचा रसायनतज्ज्ञ कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होता. बिअरसाठी लागणाऱ्या धान्यात प्रथिनं किती, हे त्याला झटपट मोजायचं होतं. त्यानं युक्ती काढली. प्रथिनांत नायट्रोजन असतो, साधारण १६ टक्के. मग प्रथिनं मोजत बसण्यापेक्षा धान्य तीव्र गंधकाम्लात उकळायचं, नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ नं गुणायचं. झालं उत्तर! ही पद्धत आजही जगभर वापरतात.

पण चतुर वाचकांच्या लक्षात खोच आलीच असेल. ही पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिनं नव्हे. मांसात नायट्रोजन असतो, तसा पिसांत असतो, चामड्यातही असतो. या हिशेबानं कोल्हापुरी चपलेतसुद्धा कच्ची प्रथिनं भरपूर निघतील! पण ती पचणार कुणाला?

या खोचीचा फायदा घेणारी माणसं निघालीच. २००७ च्या मार्चमध्ये अमेरिका आणि कॅनडात कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे कोट्यवधी डबे आणि पाकिटं बाजारातून परत बोलवावी लागली. मांजरं अचानक आजारी पडत होती, त्यांची मूत्रपिंडं बंद पडत होती. शोध घेतला तेव्हा कळलं, की चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. हो, तेच मेलामाइन, ज्याच्या न फुटणाऱ्या प्लेटा घरोघरी असतात! त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. थोडं मिसळलं की तपासणीत प्रथिनांचा आकडा वाढतो आणि निकृष्ट माल उत्तम ठरतो. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीत हेच सापडलं. जवळजवळ ३ लाख बाळं आजारी पडली. त्याआधी वर्षभर मांजरांनी जगाला इशारा देऊन ठेवला होता, पण मांजरांचं कोण ऐकतं?

म्हणून प्रथिनांच्या आकड्याबरोबर घटकांची यादीही वाचायची. यादीत जो पदार्थ वजनानं सगळ्यात जास्त तो पहिला, मग त्याहून कमी, असा क्रम असतो. पहिल्या पाकिटाची यादी अशी सुरू होते: कोंबडीचा सुका चुरा, मका, तांदूळ, मक्याचं ग्लुटेन, कोंबडीची चरबी. सीनियरची अशी: मका, तांदूळ, कोंबडीचा सुका चुरा, सोयाबीन पेंड. लातूर-नांदेडकडच्या मुलांना सोयाबीनची ओळख करून द्यायला नको. त्यात प्रथिनं भरपूर असतात. पण ती वनस्पतीची, त्यांत टॉरीन नाही. सीनियर पाकिटातल्या २८ टक्क्यांपैकी काही वाटा या पेंडीचा आहे.

यादीतही फसायला होतं. समजा १०० ग्रॅम खाद्यात कोंबडी २२ ग्रॅम, मका २०, तांदूळ १८ आणि गहू १२ ग्रॅम आहे. यादीत पहिलं नाव कोंबडीचं येणार. पण तिन्ही धान्यांची बेरीज करा. ५० ग्रॅम! कोंबडीच्या दुपटीहून जास्त. पहिलं नाव वाचून थांबू नका, पहिली पाच वाचा. आणि नुसतं 'कोंबडी' लिहिलं असेल, तर त्या ताज्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं हेही ध्यानात ठेवा.

धान्य दिसलं म्हणून लगेच नाकं मुरडू नका. शिजवलेलं पिष्ट मांजराला बऱ्यापैकी पचतं. शिवाय हे दाणे यंत्रातून दाबून, उष्णता देऊन फुगवलेले असतात. पिष्टाशिवाय ते एकमेकांना धरूनच राहणार नाहीत, भुगा होईल. प्रश्न धान्य आहे का हा नसून किती आहे हा आहे. आणि हा आकडा पाकिटावर नसतो! कोणतीही कंपनी तो ठळक छापत नाही. पण वजाबाकी येणाऱ्या कुणालाही तो काढता येतो.

पहिलं पाकीट: १०० मधून ३०, १०, ४, १० आणि ८ वजा करा. उरले ३८. हे पिष्ट. सीनियर: १०० मधून २८, ९, ६, १० आणि ८ वजा करा. उरले ३९. किमान आणि कमाल आकड्यांवरून काढलेलं असल्यानं उत्तर अंदाजाचं आहे, पण तुलनेला पुरतं.

आता कॅलरी. अशा खाद्यातल्या प्रथिनांच्या आणि पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ कॅलरी धरतात, स्निग्धाच्या ग्रॅमला ८.५. पहिल्या पाकिटाचं गणित १०५ अधिक ८५ अधिक १३३, म्हणजे १०० ग्रॅमला ३२३ कॅलरी. सीनियरचं तुम्हीच करून पाहा. ३११ आलं ना?

म्हणजे दीडपट पैसे देऊन प्रथिनं कमी, चरबी कमी, कॅलरी कमी आणि तंतू मात्र जास्त! असं का? कारण सीनियर म्हणून विकली जाणारी बरीच खाद्यं शहरातल्या घरबशा, वजन वाढलेल्या मांजरांचा विचार करून बनवलेली असतात. सात-आठ वर्षांचं मांजर दिवसभर सोफ्यावर लोळत असेल, तर त्याला कमी कॅलरी चांगल्याच. पण बारा वर्षांनंतर बहुतेक वेळा उलटं होतं. पुष्कळ मांजरांना प्रथिनं आणि चरबी पूर्वीइतकी पचत नाहीत, अंगावरचं मांस उतरायला लागतं. अशा वाळलेल्या म्हातारीला पुरेशी आणि चांगली प्रथिनं हवीत.

आणि 'सीनियर' या शब्दाला ठरलेलं माप नाही. अमेरिकेत पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची १९०९ पासूनची एक संघटना आहे. पाकिटावर ए-ए-एफ-सी-ओ अशी तिची आद्याक्षरं दिसतात. तिनं मांजरांच्या आहाराची दोनच मापं ठरवलीत: एक वाढत्या पिल्लांसाठी आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मांजरींसाठी, दुसरं मोठ्या मांजरांसाठी. म्हाताऱ्यांसाठी वेगळं माप नाहीच! मोठ्या मांजराच्या खाद्यात पाणी वजा करून किमान २६ टक्के प्रथिनं, ९ टक्के स्निग्ध आणि सुक्या खाद्यात ०.१ टक्का टॉरीन असावं, असं ती सांगते. पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित आहार' असे शब्द आहेत का, हेही बघायचं. 'पूरक' किंवा 'खाऊ' असं लिहिलं असेल तर त्यावर मांजर पोसायचं नाही.

'पाणी वजा करून' ही काय भानगड? शेतकऱ्याच्या मुलांना हे सांगावं लागणार नाही. १०० किलो हिरव्या चाऱ्यात ८० किलो पाणीच असतं, खरा चारा २० किलो. तेवढाच खरा चारा वाळलेल्या कडब्याच्या २२ किलोंत मिळतो. म्हणून हिरव्याची आणि वाळल्याची तुलना नुसत्या वजनावर करत नाहीत. खाद्याचंही तसंच. आपल्या दोन्ही पाकिटांत पाणी १० टक्के, खरा माल ९०. पहिल्यात ३० भागिले ९०, म्हणजे ३३ टक्के प्रथिनं. दुसऱ्यात ३१. दोन्ही पास! आता बाजारात रस्सेदार खाद्याची छोटी पाकिटं मिळतात, त्यांवर प्रथिनं ९ टक्के आणि पाणी ८२ टक्के असं काहीसं लिहिलेलं असतं. वाटतं, शी, नऊच! पण ९ भागिले १८ करा. ५० टक्के! महाग असतं, रोज परवडत नाही, पण आकडा पाहून कमी समजू नका.

पाण्यावरून आठवलं. उंदरात दोन तृतीयांश पाणी असतं, सुक्या दाण्यात फक्त दहावा हिस्सा. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले रानमांजर. त्यामुळे मांजराला तहान मुळातच कमी लागते, पाणी त्याला शिकारीतूनच मिळत असे. तेव्हा ठकीला सुके दाणे द्यायचे तर दोन-तीन ठिकाणी स्वच्छ पाण्याची भांडी हवीत. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर हवीतच. त्याहून सोपं म्हणजे दाणे कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवून द्यायचे. हलणाऱ्या दातांनाही बरं, आणि वासही चांगला सुटतो. म्हातारपणी नाक मंद होतं, वास आला नाही की मांजर ताटलीकडे फिरकत नाही. भिजवलेलं उरलं तर तासाभरात टाकून द्या, उन्हाळ्यात ते आंबतं. कोरडे दाणे खाल्ले की दात साफ होतात असं कुणी सांगितलं तर फारसा विश्वास ठेवू नका. आपण चिवडा खाल्ला म्हणून दात घासायचे सोडतो का?

किती द्यायचं? तीन किलोच्या मांजराला दिवसाला साधारण १६० कॅलरी लागतात. पहिल्या पाकिटाचे ५० ग्रॅम दाणे पुरे, चार-पाच वेळा थोडे थोडे विभागून. त्यात १५ ग्रॅम प्रथिनं मिळतील. एवढ्याच कॅलरी दूध-भाकरीतून द्यायच्या तर जवळजवळ पावशेर दूध आणि भाकरीचा चतकोरभर तुकडा लागेल, आणि प्रथिनं मिळतील सातेक ग्रॅम. निम्म्याहून कमी. आजींना हे गणित जरूर दाखवा. त्यांना वाटी भरायचीच असेल तर भरू देत, फक्त त्यात भिजवलेले दाणे असू देत. खाद्य एकदम बदलू नका. आधी चिमूटभर, मग वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण. मांजर रुसून दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी साठते आणि जिवावर बेततं. कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून ते मात्र आणू नका. त्यात प्रथिनं कमी असतात आणि टॉरीन असेलच याची खात्री नाही. गोणीतून सुटे विकतात ते दाणेही नकोत. उलटं करून वाचायला पाकीटच नाही, आणि स्निग्धांश हवेनं खवट झालेला असतो. घरच्या जेवणातला कांदा-लसणाचा रस्सा तर चुकूनही देऊ नये. त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

तर बाळ, दोन पाकिटांतलं पहिलं आण. स्वस्तातलं. बाबांना सांग, काकांनी पैसे वाचवले!

पण थांब. पाकिटाच्या आधी एक काम आहे, आणि ते या आठवड्यातच व्हायला हवं. हे आई-बाबांनीही वाचावं. साडेतीन किलोची ठकी तीन किलोवर आली. अर्धा किलो म्हणजे फार वाटत नाही, पण तो तिच्या वजनाचा सातवा हिस्सा आहे. बाबांचं वजन ७० किलो असेल आणि वर्षात १० किलो उतरलं, तर आजी म्हणतील का, 'म्हातारा झाला की असंच असतंय'? उंदीर सुटले हे एक कारण झालं, पण तेच एकटं असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार खूप आढळतो. मधुमेह होतो, थायरॉइड वाढतं, दाताच्या मुळाशी पू होतो. या सगळ्यांत वजन उतरतं. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर गणितच बदलतं. तेव्हा खाद्यात फॉस्फरस कमी लागतो, प्रथिनंही मोजून द्यावी लागतात. फॉस्फरसचा आकडा बहुतेक पाकिटांवर नसतो. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर मी निवडलेलं पाकीट बाजूला ठेवायचं आणि त्यांनी लिहून दिलेलं आणायचं.

तालुक्याच्या गावी जनावरांचा सरकारी दवाखाना असतो. तिथे गाई-म्हशींची रांग असेल, मांजर घेऊन गेलात तर लोक हसतीलही. हसू देत. रक्त-लघवीची तपासणी तिथे होत नसेल तर लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, डॉक्टर तिकडे पाठवू शकतील. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून ने. गेल्या वर्षीचं वजन आणि आताचं. ठकी दिवसात पाणी किती वेळा पिते, पूर्वीपेक्षा जास्त का. खाताना डोकं एका बाजूला वाकडं करते का, घास तोंडातून पडतो का. उलट्या होतात का. मांजर बोलत नाही, तेव्हा डॉक्टरांना हे तूच सांगायचं. आणि दोन्ही पाकिटांचा उतारा बरोबर घे, मला पाठवलास तसाच.

दर रविवारी एकाच काट्यावर ठकीचं वजन करून वहीत मांडत जा. दुकानाच्या काट्यावर तिला पिशवीत बसायचं नसेल तर तू तिला उचलून वजनकाट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा, आणि वजाबाकी कर. ते काटे मांजरासाठी तितके बारीक नसतात, म्हणून तीनदा करून सरासरी काढ. दिवाळीपर्यंतचे आकडे मला कळव. डॉक्टर काय म्हणाले तेही लिही, आणि आजी काय म्हणाल्या ते तर नक्कीच.

उल्का पुढच्या अंकात.

तुमचा,
काका